तीन महिने मागची जर्मनी

सुझी तुस्कानोला जर्मन वाचता येत नाही. पण जर्मन साप्ताहिकांबद्दल तिला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुबईच्या अख्ख्या करामा भागात दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर दाखवा! बाई वसईकडच्या गास गावची. दुबईत येऊन वीस वर्षं होऊन गेली, समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगची फ्लोअर सुपरवायझर. या हॉटेलात जर्मन पाहुणे फार. आणि जर्मन पाहुणा म्हणजे कसा, तर चार्जर विसरेल, टोपी विसरेल, पण सुट्टीला निघताना जाडजूड साप्ताहिक बॅगेत टाकायला विसरणार नाही. येतो, खुर्ची उन्हात ओढतो, साप्ताहिक उघडतो आणि जेवणापर्यंत जागचा हलत नाही. परत जाताना मात्र ते खोलीतच ठेवून जातो.

ही टाकलेली साप्ताहिकं सुझी इतकी वर्षं बघत आली होती. नावं वाचता येत नाहीत म्हणून तिनं आपली नावं पाडली होती. एक 'जाडं', एक 'चकचकीत', आणि एक 'रडकं', कारण त्याच्या मुखपृष्ठावर दर आठवड्याला कुणीतरी चिंतेत बसलेलं असायचं. आतमध्ये एक फोटो आणि मग चार पानं नुसता मजकूर, मुंग्यांची रांग लागावी तसा. सिनेमाची नटी शोधून सापडायची नाही. जाहिराती बघाव्यात तर सगळे म्हातारे हसत हसत सायकल चालवतायत, नाहीतर कानाला यंत्र लावून हसतायत, नाहीतर जिन्याला बसवलेल्या खुर्चीत बसून वर जातायत आणि हसतायत.

"या देशात म्हातारे तेवढे खूश, बाकी सगळे चिंतेत," असं तिनं एकदा नवऱ्याला, ॲल्फ्रेडला, सांगून टाकलं होतं.

साप्ताहिक बघून तिला पाहुणाही कळायचा. पानात वाळू असेल तर किनाऱ्यावरचा, सनक्रीमचे डाग असतील तर पूलवरचा. कुणी पेन्सिलीनं ओळीखाली रेघा मारायचा, कुणी समासात भांडायचा. एक बाई तर नखं कापायच्या कात्रीनं लेख कापून घरी न्यायची, मागे खिडक्या पडलेला अंक ठेवून.

आता तुम्ही म्हणाल, टाकलेला कागद, उचलला आणि घरी नेला, त्यात काय? तर तसं नाही हो. हॉटेलचा नियम होता. एकदा कुणी पाहुणा दीड महिन्यानं परत आला आणि मी समासात लिहिलेला अंक कुठे आहे म्हणून त्यानं रिसेप्शनवर असा काही तमाशा केला की मॅनेजमेंटनं कायदाच काढला: पाहुण्याचा छापील कागदसुद्धा तीन महिने जपून ठेवायचा. तीन महिन्यांत कुणी मागितला नाही, तर ज्याला सापडला त्याचा. ही सगळी विसरलेली मालमत्ता सांभाळायचा सतीश पेडणेकर. माणूस मालवणचा, मनानं चांगला, पण नियम म्हणजे नियम. प्रत्येक अंकाला तारखेची चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवायचा आणि तीन महिने पुरे झाले की सुझीला फोन करायचा, "सुझीताई, तुमची जर्मनी सुटली, घेऊन जावा."

असा हा माल करामाच्या फ्लॅटमध्ये यायचा. कुणासाठी? लेकीसाठी. नादिया लहान असताना तिच्या वह्यांना कव्हर घालायला म्हणून पहिला अंक आला. पोरीनं कव्हर घालूच दिलं नाही. गुळगुळीत पान गालाला लावून बसली. मोठी झाली तशी विचारायला लागली, "ममा, हू प्रिंट्स दिस?" आता हे सुझीला काय ठाऊक! पण नादियानं शोधून काढलं. अंकाच्या आत एका कोपऱ्यात संपादकांच्या नावांखाली छापखान्याचं नाव आणि गाव बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते तिनं वाचलं. बारावी झाली, जर्मनचे क्लास झाले, परीक्षा पास झाली, आणि पोरीनं थेट त्या छापखान्यालाच अर्ज ठोकला. तिकडे तीन वर्षं काम करता करता छपाई शिकवतात म्हणे, वर पगारही देतात. बरोबरीच्या मुली कुठे कॉम्प्युटर सायन्स, कुठे मार्केटिंग, आणि आमची नादिया म्हणते मला मशीनवर उभं राहायचंय, हातांना शाई लावून घ्यायचीय.

ॲल्फ्रेड हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कंपनीत स्टोअरकीपर. तो म्हणाला, "अगं, लोक पेपर वाचायचे बंद झाले आणि तू छापायला कुठे निघालीस?"

"पपा, समबडी इज स्टिल रीडिंग. लुक अंडर युअर बेड."

हे मात्र खरं होतं. पलंगाखाली, कपाटावर, बॅगांमध्ये, सगळीकडे जर्मनी भरून ठेवलेली.

आणि मग ती ईमेल आली. मुलाखतीला बोलावलं होतं! व्हिडिओवर, बुधवारी सकाळी अकराला. त्या दिवशी सुझीनं आनंदानं शेजारच्या जहांआराला मिठी मारली, ऊद मेथाच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि हॉटेलात सगळ्यांना लाडू वाटले. जहांआरा म्हणाली, "भाभी, अभी तो इंटरव्ह्यूही है!" सुझी म्हणाली, "बोलावलं ना? मग झालं!" ईमेलमध्ये एक अटही होती. मुलाखतीच्या वेळी हातात एक जर्मन साप्ताहिक असू द्या, छापील, फोनवरचं नको. त्यातल्या तुमच्या आवडीच्या एका लेखावर आपण बोलू.

छापील? घरात छापील सोडून दुसरं होतं काय! त्याच आठवड्यात सतीशनं 'जाड्या'चा नवाकोरा अंक सोडला होता. नवाकोरा म्हणजे त्या घरात नवा. मार्च महिन्यातला. बाहेर जून उजाडला होता, गाडीच्या दाराच्या मुठीला हात लावला तर भाजत होता, पण तुस्कानोंच्या घरात जर्मनीत अजून थंडी होती, आणि ते इतकी वर्षं इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाच्या मनातही आलं नाही. चोवीस तास मोबाईल हातात असलेली पोरगी, पण तिलाही सुचलं नाही. तिच्या लेखी 'या आठवड्याचा अंक' म्हणजे सतीश अंकलनी या आठवड्यात सोडलेला अंक.

नादियानं लेख निवडला एका जुन्या पुलाचा. कुठल्याशा छोट्या गावातला दगडी कमानींचा पूल. सरकारी इंजिनियर म्हणतात धोक्याचा झालाय, पाडा. अर्धं गाव म्हणतं हात लावून तर बघा. येत्या रविवारी गावकरी मतदान करणार. फोटोत एक म्हातारी पुलावर घडीची खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर थर्मास. आठवडाभर तुस्कानोंच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. नादिया पुलाच्या बाजूनं. ॲल्फ्रेड पाडायच्या बाजूनं, "मी रोज गंजलेलं लोखंड बघतो, मला विचारा," म्हणून. दगडाच्या पुलात लोखंड कुठून आलं ते तोच जाणे. आणि सुझी त्या म्हातारीच्या बाजूनं. एवढ्या थंडीत थर्मास घेऊन बसलीय म्हणजे बाई खमकी असणार, असं तिचं म्हणणं.

बुधवार उजाडला. सुझीला घरी थांबायचं होतं, पण नादियानं तिला बाहेरच काढलं. "ममा, यू विल स्टँड बिहाइंड द डोअर अँड ब्रीद. आय नो यू. गो टू वर्क. माय फोन विल बी ऑफ, नो कॉल्स." तेव्हा सुझी गेली ड्युटीवर. मजल्यावर फिरत होती, पण चित्त कशाचं थाऱ्यावर! एका खोलीत दोनदा टॉवेल मोजले, दुसरीत मोजलेच नाहीत.

दहाच्या सुमारास ती फ्राऊ ब्रिंकमानच्या खोलीत गेली. ही हॅनोव्हरची म्हातारी बाई दरवर्षी यायची, सुझीला नावानं ओळखायची. बाल्कनीत बसून ती जाडं वाचत होती. सुझीच्या पोटात आनंद मावेना. सांगितलं तिनं सगळं आपल्या इंग्रजीत, माझ्या मुलीचा आज इंटरव्ह्यू, तुमच्या देशात, आणि ती पुलावर बोलणार आहे.

"कोणता पूल?" फ्राऊ ब्रिंकमाननं विचारलं.

सुझीनं सांगितलं. कमानी, मतदान, थर्मासवाली म्हातारी.

फ्राऊ ब्रिंकमाननं चष्मा काढला. "पण सुझी, तो पूल तर उडवला. सुरुंग लावून. एप्रिलमध्येच. आम्ही टीव्हीवर बघितलं, धुरळा एवढा उडाला की नदी दिसेना."

आधी तर सुझीच्या तोंडून निघालं, "आणि ती म्हातारी?" मग खरं काय झालंय ते डोक्यात शिरलं. तिकडे आपली पोरगी शर्टाला इस्त्री करून बसलीय, आणि तासाभरात परक्या देशातल्या मोठ्या माणसांना ती सांगणार, रविवारी मतदान आहे, पूल वाचवा! नसलेला पूल! छापखान्यातली माणसं ती, दर आठवड्याला बातम्या छापणारी. काय म्हणतील? हिला आजची तारीख ठाऊक नाही आणि ही आमच्याकडे साप्ताहिक छापायला येणार?

आणि हे झालं कुणामुळे? अंक कोण आणत होतं घरी?

तिनं नादियाला फोन लावला. बंद. जहांआराला लावला. ती शाळेत शिकवायची, वर्गात असणार, उचलला नाही. ॲल्फ्रेडला लावला. त्याच्यामागे यंत्रांचा असा खडखडाट की त्याला निम्मंच ऐकू आलं. "पूल पडला? कुठला पूल पडला? तू ठीक आहेस ना?"

"अरे आपला पूल! जर्मनीतला!"

"बघ, मी म्हणत होतो!" ॲल्फ्रेड म्हणाला. आता काय बोलायचं या माणसाला!

फ्राऊ ब्रिंकमान मात्र उठून उभी राहिली होती. तिनं आपल्या हातातलं जाडं मिटलं आणि सुझीपुढे धरलं. "हा या आठवड्याचा. मी विमानतळावर घेतलाय, माझा जवळजवळ वाचून झालाय. घेऊन जा. पळ."

पळ म्हणणं सोपं. पण हॉटेलचा कर्मचारी पाहुण्याची वस्तू घेऊन मागच्या दारानं बाहेर पडणार कसा? पाहुण्यानं दिली, हे पाहुण्यानं सही करून सांगावं लागतं, त्यावर सतीशचा शिक्का लागतो, तो कागद सिक्युरिटीवाला बघतो आणि मग दार उघडतं. सुझी जिन्यानं धावत खाली सतीशकडे आली.

"सतीशभाऊ, हा अंक मला आत्ताच्या आत्ता न्यायचाय."

सतीशनं अंक हातात घेतला, उलटापालटा केला. "सापडला कधी?"

"सापडला नाही हो, दिला!"

"म्हणजे गिफ्ट. मग पाहुण्याची सही कुठे आहे?" त्यानं पुन्हा बघितलं. "सुझीताई, हा तर जूनचा अंक. हो सप्टेंबरात सुटतलो."

सुझी इतकी वर्षं त्या टेबलापुढे नमतं घेत आली होती. आज तिचा आवाज असा चढला की शेजारच्या लाँड्रीतली माणसं दारात आली. "तीन महिने, तीन महिने! तुमच्या त्या तीन महिन्यांनी माझ्या पोरीचा घात केला, सतीशभाऊ! तिकडे पूल उडाला एप्रिलात आणि माझी नादिया तो आज वाचवायला बसलीय!" आणि ती चक्क रडायला लागली. सतीश बिचारा उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. बाईमाणसाला काय सांगावं ते त्याला कुठल्याच नियमात सापडेना.

तेवढ्यात कर्मचाऱ्यांच्या लिफ्टचं दार उघडलं आणि आतून फ्राऊ ब्रिंकमान बाहेर आली. अंगात हॉटेलचा पांढरा झगा, पायांत हॉटेलच्या सपाता. पाहुण्याला या बाजूला यायची परवानगीच नव्हती, पण तिला अडवणार कोण? "सही कुठे करायची?" तिनं विचारलं. सतीशनं पेन दिलं. तिनं सही केली, आणि ती इतकी मोठी केली की शिक्का मारायला जागाच उरली नाही. सतीशनं तो सहीवरच मारला.

"जावा ताई," तो म्हणाला. "तुमच्या खोल्या मी बघतो. यल्ला, पळा!"

सुझीनं त्या दिवशी बस-मेट्रो बघितलीच नाही, सरळ टॅक्सीला हात केला. "भाईसाब, करामा. जल्दी. बेटी का सवाल है." पेशावरचा ड्रायव्हर होता, बेटी म्हटल्यावर त्यानं पुढचं काही विचारलं नाही.

मागच्या सीटवर बसून सुझीनं अंक मांडीवर घेतला. आणि एवढ्या धावपळीतही तिला जाणवलं की हा अंक वेगळा आहे. पानं कडक, घडीची खूण नाही, वाळू नाही. नाकाशी नेला तर शाईचा वास. बाई गं! या वासासाठी पोरगी वेडी झालीय तर! इतकी वर्षं आपण तिला वास उडालेला माल आणून दिला, आणि तरी तिनं तो एवढ्या प्रेमानं वाचला. सुझीचे डोळे पुन्हा भरून आले.

मग तिनं पानं उलटायला सुरुवात केली. पूल कुठे दिसतो का? पूल नव्हता. कुणीतरी मंत्री होता, शेतातली पवनचक्की होती, सायकलवर हसणारे म्हातारे होतेच. मजकूर म्हणाल तर मुंग्यांची रांग. आणि आता तिला कळलं की अंक नेऊन आपण करणार काय? पोचेपर्यंत मुलाखत सुरू झालेली असणार, आणि पोरगी काय ऐन वेळी नवा लेख वाचून त्यावर बोलणार? पण परत फिरणंही शक्य नव्हतं. मारिये माते, आजच्या दिवस सांभाळ, एवढंच ती म्हणत राहिली. जुमेऱ्याच्या सिग्नलला टॅक्सी थांबली की तिला वाटायचं उतरून पळत सुटावं.

करामात पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, तेव्हा जिन्यानं वर. छाती धपापतेय, युनिफॉर्मवर घामाचे डाग, हातात जाडं. किल्ली लावून तिनं हळूच दार ढकललं. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

आणि बंद दाराआडून हसण्याचा आवाज आला.

पुरुषाचं हसणं, मोठ्यानं, घोगरं. मग बाईचं हसणं. मग दोघांचं मिळून. नादियाचा आवाज नाही. जर्मनीतून, लॅपटॉपमधून, माणसं तिच्या पोरीला हसत होती.

सुझीला पुढचं काही दिसलं नाही. एवढी वर्षं पाहुण्यांपुढे मान खाली घालून 'येस मॅडम, सॉरी सर' करणारी बाई, तिनं ते दार असं उघडलं की भिंतीवर आपटलं. सरळ कॅमेऱ्यापुढे गेली आणि ताजा अंक दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली.

"गुटन टाग!" तिला येत होतं तेवढं जर्मन तिनं म्हटलं, आणि मग इंग्रजी सुरू केलं. "सर, मॅडम, डोंट लाफ. शी इज व्हेरी इंटेलिजंट. मिस्टेक इज माइन. आय ब्रिंग ओल्ड मॅगझिन. हॉटेल रूल, थ्री मंथ्स. दिस इज न्यू वन. टुडेज. प्लीज आस्क अगेन."

"ममा!" नादिया ओरडली. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पायजमा, आणि चेहरा लालबुंद. "ममा, प्लीज! ओ माय गॉड!"

पडद्यावर दोघं होती. आखूड केसांची एक बाई, आणि पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, त्याच्या सदऱ्याच्या कोपरावर शाईचा डाग. दोघंही हसायची थांबली होती आणि डोळे मोठे करून सुझीकडे बघत होती. सुझीच्या आता लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"त्यांनी मला मघाशीच सांगितलं, पूल उडवला म्हणून," नादिया मराठीत बोलायला लागली, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. "मी म्हटलं, कुणी उडवला? ते म्हणाले, मतदान झालं. मी म्हटलं, मतदान चुकीचं झालं, परत घ्या. मला राग आला गं. मग मी भांडलेच त्यांच्याशी. ते त्याला हसत होते, मला नाही." ती थांबली. "म्हणजे मलाही थोडं. पण तसं नाही."

म्हातारा काहीतरी बोलला. नादियानं सांगितलं, "ते विचारतायत, तुम्ही खरंच तीन महिन्यांनी वाचता? सगळं?"

"सगळं," सुझी म्हणाली. "म्हणजे ही वाचते. मी बघते. जेवताना ही आम्हाला सांगते. आम्ही दोघं, हिचे पपा आणि मी, पुलावरून आठवडाभर भांडलो."

नादियानं तेही सांगितलं. तिकडची बाई हसली आणि डोळे पुसायला लागली. म्हाताऱ्यानं पुन्हा काही विचारलं. जुने अंक ठेवलेत का?

ठेवलेत का! सुझी तशीच गुडघ्यांवर बसली आणि पलंगाखालची बॅग ओढली. चेन उघडून तिनं अंकांची चवड कॅमेऱ्यापुढे मांडायला सुरुवात केली. वाळूवाले, डागवाले, खिडक्या कापलेले. म्हाताऱ्यानं हात वर केला, थांबा. मधला तो दाखवा. वाकवा. पाठीमागची शिवण दाखवा. सुझीनं दाखवली. तो पडद्याच्या इतका जवळ आला की नुसत्या मिशाच दिसायला लागल्या.

मग तो मागे सरकला आणि बराच वेळ बोलत राहिला, हळू आवाजात. नादियाही हळूच सांगत होती. हा अंक त्याच्या मशीनवर निघालेला. त्या रात्री कागद दोनदा फाटला होता, म्हणून त्याला आठवतो. आता छपाई दरवर्षी कमी होते, न खपलेले गठ्ठे परत येतात, ते त्याच्या डोळ्यांसमोर रद्दीत जातात. घरी नातवंडं त्याला विचारतात, आजोबा, हे कोण वाचतं? त्याला सांगता येत नाही. "ते म्हणतायत," नादियानं सांगितलं, "आता मला सांगता येईल."

सुझीनं ताजा अंकही त्या चवडीवर ठेवला आणि नीट केला.

आखूड केसांच्या बाईनं म्हाताऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली. मग ती नादियाशी बोलली, थोडंच. नादियानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"काय? काय म्हणाली ती?" सुझीनं तिला हलवलं. "नादिया, बोल ना गं! घेतलं का नाही?"

"सप्टेंबरपासून," नादिया म्हणाली. "पेपर्स मेल करणार. व्हिसाचं पण तेच बघणार. ममा, आय गॉट इट!"

मग त्या खोलीत जो धिंगाणा झाला तो काय सांगायचा! मायलेकी एकमेकींना धरून नाचल्या, खुर्ची पडली, पायजमा कॅमेऱ्यात दिसला, त्याचं कुणाला काही नाही. सुझी रडत होती, हसत होती, "माझी पोर! माझी पोर!" एवढंच म्हणत होती. तिनं पडद्यासमोर हात जोडले, मग जर्मन माणसांना हात जोडून कळत नसेल म्हणून हात हलवला, मग दोन्ही केलं. तिकडे म्हातारा टाळ्या वाजवत होता.

नाचणं जरा थांबलं तेव्हा त्यानं बोट वर केलं. आणखी एक सांगायचंय. तो या वेळी सुझीशी बोलत होता, आणि नादिया ओळीओळीनं सांगत होती.

"ते म्हणतायत, फ्राऊ तुस्कानो, आमच्याकडे काम करणाऱ्याला दर आठवड्याला एक अंक फुकट मिळतो. मशीनवरून निघालेला, गरम. तुमची मुलगी तो तुम्हाला पोस्टानं पाठवू शकेल. आतमध्ये समासात तिची खबरबातही लिहील. आता तुम्हाला तीन महिने थांबायला नको. दुबईला पोचायला आठ-दहा दिवस लागतात फक्त."

सुझी ऐकत होती. नाचून विस्कटलेले नादियाचे केस तिनं कानामागे सारले. सप्टेंबर. शर्ट तिथे कोण इस्त्री करणार, थंडीत ही पोरगी घालणार काय, जेवणाच्या टेबलावर आता कोण भांडणार. सकाळपासून एवढी धावली ती, पण हे तिच्या मनात आलंच नव्हतं. ते आत्ता आलं.

"आठ-दहा दिवस?" ती म्हणाली. "एवढे दिवस मला तिची काही खबर नाही?"

नादियानं ते जर्मनमध्ये सांगितलं. या वेळी तिकडे कुणी हसलं नाही.